एमबीए : छापील फी एक, तुमची फी दुसरी
दोन विद्यापीठांतून निवड करताना घरखर्चाच्या वहीत मांडायचा हिशेब

पुण्यात एमबीए करायचे ठरले की बहुतेक घरांत शेवटी दोन पर्याय उरतात. एक, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. म्हणजे गणेशखिंडीतला विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापन विभाग, ज्याला सगळे ‘पुम्बा’ म्हणतात, किंवा विद्यापीठाशी संलग्न एखादे कॉलेज. दुसरा, सिम्बायोसिस किंवा भारती विद्यापीठासारखे अभिमत विद्यापीठ. मग रँकिंग, प्लेसमेंट, कॅम्पस यांवर चर्चा झडते. फीचा प्रश्न मात्र एकदाच विचारला जातो आणि माहितीपत्रकातला आकडा हेच त्याचे उत्तर मानले जाते.

पण तो आकडा प्रत्येक घराला जसाच्या तसा लागू होत नाही. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांनी भरलेल्या रकमेत लाखांचा फरक असू शकतो. प्रवेश कोणत्या वाटेने झाला, घरात कोणते दाखले तयार होते आणि पैसे कोणत्या तारखेला भरले, या तीन गोष्टींवर खरी किंमत ठरते. म्हणून तुलना दोन विद्यापीठांच्या छापील फीची करू नका. तुमच्या घरासाठी त्या दोन्हींची किंमत किती पडते, त्याची करा.

दोन वाटा, दोन नियम

पुणे विद्यापीठाची वाट राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए-एमएमएस सीईटीतून जाते. परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, होते. पुम्बाचे प्रवेशही त्यातूनच होतात. विनाअनुदानित संलग्न कॉलेजांची फी संस्थाचालक मनाला येईल तशी ठरवू शकत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१५च्या कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ती मंजूर करते आणि कॉलेजनिहाय आकडे त्याच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. कॉलेजने सांगितलेली रक्कम त्या आकड्याशी ताडून पाहणे हे पहिले काम. मंजूर शुल्कापेक्षा जास्त मागणी झाली, तर ती कशासाठी हे लेखी मागा. प्रवेशासाठी देणगी घेण्यास राज्यात १९८७च्या कायद्यानेच बंदी आहे.

अभिमत विद्यापीठे स्वतःची प्रवेश प्रक्रिया राबवतात आणि स्वतःची फी ठरवतात. सिम्बायोसिसच्या संस्थांसाठी ‘स्नॅप’ द्यावी लागते, मुंबईच्या एनएमआयएमएससाठी ‘एनमॅट’. सिम्बायोसिसच्या ‘एसआयबीएम’ या पुण्यातल्या नामांकित संस्थेची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे गेली आहे. संलग्न कॉलेजांत साधारण लाख ते दोन लाख रुपये वर्षाला लागतात. सगळीच अभिमत विद्यापीठे इतकी महाग नाहीत. एकाच विद्यापीठाच्या दोन संस्थांमध्येही काही लाखांचा फरक असतो. म्हणून आकडा विद्यापीठाचा नव्हे, तर नेमक्या संस्थेचा आणि नेमक्या अभ्यासक्रमाचा घ्या, तोही ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षाचा.

दाखल्यांची किंमत लाखांत

सेतू केंद्रातून काढलेला उत्पन्नाचा दाखला किरकोळ खर्चात मिळतो. पण कॅपच्या वाटेवर त्याची किंमत लाखांत जाते.

महाडीबीटी पोर्टलवरची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही खुल्या प्रवर्गातल्या अनेक घरांना लागू पडते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भार शासन उचलते.

मुलींसाठी चित्र आणखी बदलले आहे. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत मिळते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि त्यावरील उत्पन्नासाठी फ्रीशिप. घर सोडून वसतिगृहात किंवा भाड्याने राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचीही पात्रता तपासावी.

या सवलतींची मुख्य अट अशी, की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. त्याच कॉलेजात संस्थास्तरीय, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘मॅनेजमेंट कोट्या’च्या जागेवर प्रवेश घेतला, तर शाहू महाराज योजना आणि मुलींची संपूर्ण सवलत दोन्ही हातच्या जातात. मुलींच्या सवलतीतून खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत. ‘शेवटी कॉलेज तेच ना’ म्हणून कॅपची फेरी सोडून थेट संस्थेत पैसे भरणे हा या व्यवहारातला सर्वांत महाग निर्णय ठरू शकतो.

दुसरे म्हणजे, सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्कावर आहे. विकास शुल्क, अनामत रक्कम, वसतिगृह, मेस हा खर्च घरालाच करायचा असतो. शिवाय अधिवास, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला कागदपत्र पडताळणीच्या वेळी हातात हवा. जातवैधतेला वेळ लागतो. निकालाची वाट पाहत न बसता पदवीच्या शेवटच्या वर्षातच तो अर्ज करून ठेवा.

तीन घरे, एकच गणित

आकडे समोर ठेवून पाहू. हे उदाहरणापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. समजा, संलग्न कॉलेजची वर्षाची फी दीड लाख आहे. त्यात शिक्षण व परीक्षा शुल्क १ लाख ३० हजार, बाकीचे २० हजार. अभिमत विद्यापीठाची फी वर्षाला दहा लाख. पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च दोन्हीकडे महिन्याला १५ हजार, म्हणजे २४ महिन्यांचे ३ लाख ६० हजार.

पहिले घर : उत्पन्न पाच लाख, मुलगी, इतर मागास वर्ग, नॉन-क्रीमीलेअर दाखला तयार. कॅपमधून कॉलेज मिळाले, तर दोन वर्षांचे शुल्क ४० हजार आणि राहणे-जेवणे धरून एकूण ४ लाख. अभिमत विद्यापीठात २३ लाख ६० हजार. फरक १९ लाख ६० हजारांचा.

दुसरे घर : उत्पन्न सात लाख, मुलगा, खुला प्रवर्ग, शाहू महाराज योजनेला पात्र. कॉलेजला वर्षाला ८५ हजार, दोन वर्षांचा एकूण खर्च ५ लाख ३० हजार. फरक १८ लाख ३० हजारांचा.

तिसरे घर : उत्पन्न पंधरा लाख, कोणतीही सवलत नाही. कॉलेजचा एकूण खर्च ६ लाख ६० हजार. फरक १७ लाखांचा.

दोन्ही माहितीपत्रकांतल्या फीमधला फरक तिन्ही घरांना सारखाच दिसतो, १७ लाख. प्रत्यक्षात ज्या घराची ऐपत सर्वांत कमी, त्याच घराला अभिमत विद्यापीठ तुलनेने सर्वांत महाग पडते, कारण तिथे जाताना ते घर हक्काची सवलतही मागे टाकून जाते.

मुलगा किंवा मुलगी पुण्यातच घरी राहणार असेल, तर राहण्याचा खर्च कमी धरा. पण अभिमत विद्यापीठाचा अभ्यासक्रम निवासी असेल, तर घर कोथरूडला असले तरी वसतिगृह आणि मेसचे पैसे भरावेच लागतात. बाहेरगावहून येणाऱ्यांनी कॉलेजजवळच्या कॉट बेसिसचा भाडेदर, डिपॉझिट आणि मेसचा दर प्रत्यक्ष विचारून घ्यावा. हिंजवडी, बाणेर, शिवाजीनगर आणि कात्रज यांचे दर एकसारखे नसतात.

कर्ज : हप्ता बघा, रक्कम नंतर

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि पदरचे पैसेही घालावे लागत नाहीत. चार ते साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार मागितला जाऊ शकतो. त्यापुढे तारण लागते. संलग्न कॉलेजचा खर्च बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांत बसतो, वीस लाखांचा खर्च तिसऱ्या पायरीवर जातो. गावाकडच्या घरांनी इथे सावध असावे. सातबाऱ्यावर जमीन भरपूर असली तरी शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका सहसा तयार नसतात, कारण कर्जवसुलीच्या सर्फेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. काही बँका निवडक नामांकित संस्थांसाठी विनातारण मोठे कर्ज देतात. तुमची संस्था त्या यादीत आहे का, हे शाखेत विचारा.

आता हप्ता. वीस लाखांचे कर्ज, दरवर्षी दहा लाख उचललेले, व्याजदर दहा टक्के. अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चालूच राहते. पहिल्या दहा लाखांवर तीन वर्षांचे तीन लाख, दुसऱ्या दहा लाखांवर दोन वर्षांचे दोन लाख. फेड सुरू होताना देणे वीस नव्हे, पंचवीस लाख असते. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ३३ हजार, एकूण परतफेड साडेएकोणचाळीस लाखांहून जास्त. मुदत पंधरा वर्षे केली, तर हप्ता २७ हजारांच्या आत येतो, पण एकूण रक्कम अठ्ठेचाळीस लाखांवर जाते. याच पद्धतीने पाच लाखांच्या कर्जाचा दहा वर्षांचा हप्ता सव्वाआठ हजारांच्या आसपास बसतो.

शिकत असताना दरमहा फक्त व्याज भरत गेलात, तर ते मुद्दलात मिसळत नाही. घरात एक पगार चालू असेल, तर ही सर्वांत सोपी बचत आहे.

सरकारी मदतीचे मोजमापही नीट करा. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या काळासाठी तीन टक्के व्याज सवलत मिळू शकते. दरवर्षी पाच लाख उचलले, तर वरच्या हिशेबाने ही सवलत ७५ हजारांच्या आसपास होते. ती घ्यावीच, पण सतरा-अठरा लाखांचा फरक तिने भरून निघत नाही. शिवाय दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ असेल, तर ही सवलत मिळत नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकर वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण फक्त जुन्या कररचनेत.

पगाराचा आकडा कसा वाचावा

‘सर्वोच्च पॅकेज’ हा आकडा डोळ्यांआड करा, तो एका विद्यार्थ्याचा असतो. सरासरीही फसवी असते, कारण वरचे चार-पाच पगार ती ओढून वर नेतात. मागायचा आकडा मध्यकाचा, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळाले तो. सोबत विचारा : बॅचमध्ये किती जण होते, प्लेसमेंटसाठी किती जणांनी नाव नोंदवले आणि किती जणांना नोकरी लागली? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ ही टक्केवारी अनेकदा केवळ नाव नोंदवलेल्यांची असते.

हे आकडे तपासायला केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी उपयोगी पडते, पण क्रमांकासाठी नव्हे. सहभागी संस्थांनी दिलेली माहिती तिथे संस्थेच्या नावापुढे पाहता येते. किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार किती, हे तीन वर्षांचे आकडे त्यात असतात. पाहताना ती माहिती संपूर्ण विद्यापीठाची आहे की तुम्ही जाणार त्या संस्थेची, हे नीट बघा. कॉलेज क्रमवारीत सहभागी नसेल, तर प्लेसमेंट विभागाकडून मागच्या दोन बॅचची यादी कंपनी आणि पदासह मागा. एमबीए करून विमा विक्रीची नोकरी आणि एमबीए करून ब्रँड व्यवस्थापनाची नोकरी या दोन्ही यादीत ‘प्लेस्ड’च असतात.

पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्यात कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, मालकाचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा, ग्रॅच्युइटी, कधी विमा आणि जॉइनिंग बोनसही धरलेला असतो. दरमहा खात्यात किती जमा होते, हे नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला विचारा. हप्ता त्या रकमेच्या चौथ्या हिश्श्यात बसावा, हा सुरक्षित आडाखा. म्हणजे ३३ हजारांच्या हप्त्यासाठी हातात महिना १ लाख ३२ हजार यायला हवेत.

आता फरकाचे गणित. तिसऱ्या घराने १७ लाखांचा जादा खर्च कर्जातून केला, तर दहा वर्षे महिना सुमारे २८ हजार त्यापोटी जातील. म्हणून प्रश्न असा विचारा : अभिमत विद्यापीठातून बाहेर पडल्यावर, कर कापून, दरमहा २८ हजारांहून जास्त फरक पडेल का, आणि तो टिकेल का? पहिल्या घरासाठी हाच आकडा ३२ हजारांच्या पुढे जातो.

सरकारी म्हणजे स्वस्त आणि म्हणून प्लेसमेंट कच्ची, हेही गृहीत धरू नका. मुंबई विद्यापीठाची चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था १९६५ची आहे. तिथली दोन वर्षांची फी नामांकित खासगी संस्थांच्या कितीतरी खाली आहे आणि नोकऱ्यांच्या बाबतीत ती देशातल्या चांगल्या संस्थांच्या पंक्तीत बसते. तिथे किंमत मोजावी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये.

तारखांचा खेळ

या निवडीतला खरा पेच वेळापत्रकाचा आहे. स्नॅप डिसेंबरमध्ये होते, निकाल जानेवारीत लागतो, मुलाखती होऊन उन्हाळ्यापूर्वीच पहिला हप्ता भरण्याची मुदत येते. कॅपच्या फेऱ्या मात्र पावसाळ्यात होतात. म्हणजे सरकारी वाटेवर काय मिळणार हे कळण्याआधीच अभिमत विद्यापीठाकडे मोठी रक्कम अडकते.

इथे विद्यापीठ अनुदान आयोगाचे फी परताव्याचे नियम माहीत हवेत. ते अभिमत विद्यापीठांनाही लागू आहेत. २०१८च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण फी परत मिळते. त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून पाच टक्के, तोही कमाल पाच हजार रुपये, कापता येतो. अंतिम तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना रद्द केल्यास ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. आयोगाने काही वर्षी त्या-त्या वर्षापुरती याहून सवलतीची मुदतही दिली आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चालू वर्षाचे परिपत्रक वाचा आणि संस्थेची ‘जाहीर अंतिम तारीख’ कोणती, हे ईमेलवर लेखी घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखले ठेवून घेण्याचा अधिकार संस्थेला नाही. पडताळणी झाली की ते परत मागा.

अर्ज शुल्क मात्र परत मिळत नाही. प्रत्येक परीक्षेचे, प्रत्येक जादा प्रयत्नाचे आणि प्रत्येक अभ्यासक्रमाच्या नोंदणीचे वेगळे पैसे मोजता मोजता हा आकडा सहज पंधरा-वीस हजारांवर जातो. जिथे प्रवेश मिळाला तरी जाणार नाही, तिथे अर्जच करू नका.

माहितीपत्रकात न दिसणारे

दोन्ही ठिकाणी हे प्रश्न विचारून उत्तरे आकड्यांत लिहून घ्या :

• दुसऱ्या वर्षाची फी आज ठरलेली आहे की वाढू शकते?
• अनामत रक्कम किती आणि ती कधी परत मिळते?
• वसतिगृह व मेस सक्तीची आहे का? सुट्टीतले पैसे कापले जातात का?
• लॅपटॉप, परदेश दौरा, कंपनी भेटी, प्रमाणपत्र अभ्यासक्रम फीमध्ये आहेत की वेगळे?
• उन्हाळी इंटर्नशिप संस्था मिळवून देते का? मुंबई-बंगळूरला दोन महिने राहण्याचा खर्च विद्यावेतनातून भागतो का?
• शिष्यवृत्तीस पात्र असूनही कॉलेज आधी पूर्ण फी मागते का?
• मिळणारी पात्रता एमबीए किंवा एमएमएस ही विद्यापीठाची पदवी आहे की व्यवस्थापन पदविका? पदविका असेल, तर एआयसीटीईची मान्यता आहे का?

नोकरी सोडून शिकणार असाल, तर दोन वर्षांचा बुडणारा पगारही खर्चात धरा. तो दोन्ही पर्यायांत सारखाच बुडतो, त्यामुळे दोन विद्यापीठांची तुलना बदलत नाही. पण एमबीए आत्ता करावे की दोन वर्षे थांबून, याचे उत्तर त्यावरून मिळते.

मग निवड कशी करावी?

आठ लाखांच्या आत उत्पन्न, दाखले तयार आणि कॅपमधून बऱ्यापैकी कॉलेज मिळत असेल, तर तीच वाट धरा. वाचलेल्या पैशांतून इंग्रजी, एक्सेल, एखादे चांगले प्रमाणपत्र आणि मुंबईतली इंटर्नशिप असे सगळे होऊनही बरेच काही उरते. पुम्बा किंवा जमनालाल बजाज यांच्या पातळीचा विभाग मिळत असेल, तर घराचे उत्पन्न कितीही असो, महागड्या पर्यायाने आधी आपली किंमत सिद्ध करून दाखवावी.

अभिमत विद्यापीठाची निवड योग्य ठरते ती तीन गोष्टी एकत्र असतील तेव्हा : सवलतीची पात्रता नाही, कॅपमधून मिळणाऱ्या कॉलेजची प्लेसमेंट खरोखर कमजोर आहे आणि त्या नेमक्या संस्थेचा मध्यक पगार तुमचा हप्ता पेलतो. दोन-तीन वर्षांचा कामाचा अनुभव असेल, तर जमेची बाजू आणखी भक्कम होते. पण अभिमत विद्यापीठाचे केवळ नाव आणि वीस लाखांच्या निम्मी फी असलेल्या, प्लेसमेंटचे आकडे लेखी न देणाऱ्या संस्थेपासून दूर राहा. ती स्वस्त वाटते, पण तिथे कॅपची सवलतही नाही आणि मोठ्या संस्थेची नोकरीही नाही.

अंतिम निर्णयाआधी एका कागदावर दोन रकाने करा. दोन वर्षांचा निव्वळ खर्च, कर्जाची रक्कम, हप्ता, मध्यक पगारातून हातात येणारी रक्कम आणि हप्ता वजा जाता उरणारे पैसे, एवढ्या पाच ओळी पुरेत. शेवटच्या ओळीत ज्या रकान्यात जास्त उरते, ते विद्यापीठ निवडा. दोन्हीकडे सारखेच उरत असेल, तर कमी कर्जाचे निवडा, कारण पहिली नोकरी मनासारखी नसेल तर ती सोडण्याची मोकळीक त्यातच मिळते.